जिजीचं कोरं मत

आमच्या गावात मत द्यायचा दिवस वेगळा आणि मत ठरायचा दिवस वेगळा. ठरायचा दिवस आधी यायचा. संध्याकाळी महादेवाच्या ओट्यावर गावातले पुरुष जमायचे. पुजारी ताटलीत बेलाची पानं आणि भंडारा, म्हणजे हळद, घेऊन बसायचा, आणि एकेक जण पुढं होऊन ती चिमूट उचलून कपाळाला लावायचा. बेलभंडार उचलला म्हणजे देवासमोर शब्द दिला. शब्द कुणाला, हे विचारायचं कारणच नव्हतं. आमचं गाव एका मालगुजाराचं, म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करणाऱ्या जमीनदाराचं, त्याला सगळे मालक म्हणायचे, आणि लोकल बोर्डाची निवडणूक लागली की मालकच उभा राहायचा. मग ज्यानं त्यानं निंबोल्याच्या शाळेत जाऊन त्याला मत देऊन यायचं, की झालं.

ओट्यावर सगळं गावही नसायचं. ज्याचा शेतसारा सरकारनं ठरवलेल्या रकमेच्या वर जायचा, त्यालाच मत. बाकीच्यांनी नुसतं बघायचं, आणि बायकांनी तर बघायचंही नाही. पण ज्यांना मत होतं त्यांचं सगळ्यांचं मिळून एकच मत होतं, आणि त्याचा गावाला अभिमान होता. शेजारच्या गावात फूट आहे, आमच्यात नाही, असं लोक छाती फुगवून सांगायचे.

मी मूळची बऱ्हाणपुरातली, बुधवारा पेठेतली. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, घरी वर्तमानपत्र यायचं, आणि ओसरीवर रोज कुणी ना कुणी राजकारणावरून भांडायचं. चार यत्ता मी शिकलेली. लग्न होऊन नाल्यापलीकडच्या ह्या गावात आले, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे पहिल्या महिन्यातच सगळ्यांना कळलं. एकदा वाढता वाढता मी सासऱ्यांना म्हटलं, "आबा, सगळ्यांचं मत एकच असेल तर एकट्यानंच जावं ना निंबोल्याला. बाकीच्यांनी कापूस वेचावा." माझा नवरा ठसका लागून पाणी प्यायला. आबा काही हसले नाहीत.

आबा वाईट नव्हते. मला शांतपणे म्हणाले, "पोरी, तू शहरातली. गुरं मालकाच्या कुरणात चरतात. पाटाचं पाणी मालक सोडतो तेव्हा आपल्याला मिळतं. त्याच्याशी वाकडं घेऊन जायचं कुठं? आणि त्यानं आपलं वाईट काय केलंय?" त्यांना खरंच तसं वाटत होतं. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. मालकाच्या बापाला त्यांच्या बापानं शब्द दिलेला होता, आणि तो मोडायचा म्हणजे आपल्याच घराचं काहीतरी मोडायचं, असं त्यांच्या मनात होतं. ह्या गोष्टीवर मी पुढं आयुष्यभर चिडत राहिले.

आता जिजीचं सांगते. जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला जिजी म्हणायची, आणि हळूहळू सगळं घर, मग गावही तिला जिजीच म्हणायला लागलं. तिच्या पोटी मूल नव्हतं. माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे जेठ, हे उंचेपुरे, कमी बोलणारे. दोघांचा एकमेकांवर फार जीव होता, पण दिवसाउजेडी ते एकमेकांशी बोलताना कुणी पाहिलं नसेल. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही ही रीत तर सगळीकडेच होती, पण जिजी इतकी काटेकोर, की त्या नावाचं पहिलं अक्षर असलेला शब्दही फिरवून बोलायची. मी तिला चिडवायची, मुद्दाम तोच शब्द विचारायची. ती पोळपाटावरचं लाटणं माझ्यावर उगारायची.

मात्र उखाण्यात जिजीचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. लग्नाच्या मांडवात, डोहाळजेवणात बायका तिलाच पुढं ढकलायच्या. उखाण्यात नाव घ्यायला परवानगीच असते. ती पदर सावरून उभी राहायची, दोन ओळी नव्या रचायची, आणि शेवटी नाव असं खणखणीत घ्यायची की बाहेर पुरुषांच्या पंगतीपर्यंत ऐकू जायचं. पंगतीत जेठ मान खाली घालून वरणभात कालवत बसायचे. त्यांचे कान लाल झालेले मी स्वतः पाहिलेत.

ते गेले श्रावणात. पोटात शूळ उठला, रात्रभर तळमळले, आणि सकाळी आबांनी गाडी जुंपली. बऱ्हाणपूरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. पण आमच्या गावाला आणि निंबोल्याच्या रस्त्याला मधे नाला आहे. उन्हाळ्यात त्याच्यातून कोंबडीसुद्धा चालत जाते. पावसाळ्यात मात्र वरच्या डोंगरातलं पाणी आलं की तो कुणाला ओळखत नाही. त्या दिवशी दोन्ही काठ भरून वाहत होता. गाडी सोडली, बैल बाभळीला बांधले, आणि सगळे काठावर पाणी उतरायची वाट बघत बसले. जिजी गाडीत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन होती. ती सारखी विचारायची, "पाणी उतरलं का?" ते उतरलं दुसऱ्या दिवशी. जेठ गेले होते आदल्याच दिवशी, दिवे लागायच्या आधी.

नाल्यावर पूल नको होता कुणाला. एक रपटा पुरे होता. रपटा म्हणजे पात्रातच दगड-चुन्याची बांधलेली फरशी; वरून पाणी वाहत असलं तरी गाडीची चाकं रुतत नाहीत, बैलांचे पाय धरतात. तो बांधायचं काम लोकल बोर्डाचं. बोर्डात मालक. कुणीतरी ओट्यावर विषय काढायचं, मालक हो म्हणायचा, आणि पुढच्या पावसाळ्यात नाला होता तसाच. जेठ गेल्यावर मालक भेटायला आला, आबांच्या खांद्यावर हात ठेवून बसला, डोळ्यांतून पाणीही काढलं. रपट्याचं नाव आबांनी काढलं नाही. दुःखात असलेल्या माणसानं मागणं मागू नये म्हणे.

भावांच्या वाटण्या जेठ असतानाच झाल्या होत्या, चूल तेवढी एक होती. म्हणून ते गेल्यावर नाल्याकाठचं त्यांचं शेत पटवाऱ्यानं साऱ्यासकट जिजीच्या नावावर चढवलं. आणि एक दिवस चावडीवर मतदारांची नावं वाचली गेली तेव्हा त्यात जिजीचंही निघालं. तिचं स्वतःचं नाव नव्हतं. जेठांचं नाव आणि पुढं 'ची बेवा', म्हणजे विधवा, एवढंच. आबांनी घरी येऊन हसत सांगितलं, "थोरल्या सूनबाईला मत आलंय." घरातल्या सगळ्यांना मोठी गंमत वाटली. जिजी चुलीशी होती. तिनं भाकरी उलटली आणि विचारलं, "मत कशाकशाचं असतं?"

मी सांगितलं. बोर्ड म्हणजे काय, रस्ते कोण करतं, पैसे कुणाच्या हातात. मला कुठं थांबायचं ते कळत नाही, आणि ती एकदाही कंटाळली नाही.

त्या वर्षी पहिल्यांदाच मालकाविरुद्ध कुणीतरी उभं राहिलं. बऱ्हाणपुरातला एक वकील, खादी घालणारा. तो आमच्या गावीही आला. त्याला बसायला कुणी पाट दिला नाही, पण ओट्याच्या खाली उभं राहून तो बोलला. जास्त काही बोलला नाही. म्हणाला, "मी तुमच्या नाल्यातून चालत आलो. इथं रपटा नाही ही बोर्डाला लाज आहे. मी निवडून आलो तर पहिलं काम हे." पुरुषांनी ऐकलं आणि विड्या झटकल्या. आम्ही दोघी देवळामागच्या विहिरीवर होतो. जिजीची घागर भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

वाटेत ती मला म्हणाली, "मी ह्यालाच देणार."

मी तिच्याकडं बघतच राहिले. मग म्हटलं, "त्याचं नाव मालूम आहे का तुला?" तिला मालूम नव्हतं. मला माहीत होतं, वर्तमानपत्रात वाचलेलं. आणि सांगायला तोंड उघडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मलाही ते घेता येत नाही. त्याचं नाव आणि माझ्या जेठांचं नाव एकच होतं. धाकट्या भावाच्या बायकोनंही जेठाचं नाव घ्यायचं नसतं. बरं, नाव काही जगावेगळं नव्हतं, आमच्याकडं दर आळीत एक सापडतं. मी म्हटलं, "जिजी, आपल्या घरचंच नाव आहे." तिला कळलं. ती वाटेतच थांबली, तिनं घागर खाली ठेवली, आणि पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "मग तर देवानंच पाठवला."

ओट्यावर बेलभंडार उचलला गेला. आबांनी उचलला, माझ्या नवऱ्यानं उचलला, सगळ्यांनी उचलला. जिजीला कुणी बोलावलं नाही. बाईमाणसाला देवळाच्या ओट्यावर काय बोलवायचं? आबांनी घरी येऊन तिला तेवढं सांगितलं, "मालकाचं द्यायचंय, बरं का." ती खाली बघत राहिली, आणि आबांनी तेच 'हौ' समजून घेतलं. आमच्या गावात शब्दानं बांधलेला नव्हता असा एकच मतदार उरला होता, आणि ती जिजी होती. हे आठवलं की मला आजही हसू येतं, आणि मग रडू येतं.

आमची चूक कुठं झाली ते सांगते. आम्हाला वाटलं, मत म्हणजे आंगठा. पटवाऱ्याकडं, पतपेढीत, सगळीकडं आंगठाच चालतो, तसा इथंही आंगठा उठवायचा आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. ज्याला वाचता येत नाही त्याला साहेबासमोर उमेदवाराचं नाव तोंडानं घ्यावं लागतं, आणि मग साहेब खूण करतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं. घरातल्या कुठल्याही पुरुषाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण विचारणार कसं? विचारलं की लगेच, का गं, तुला काय करायचंय? लपवून चाललेलं काम. मी एवढी शहाणी, वर्तमानपत्र वाचणारी, पण वर्तमानपत्रात हे लिहीत नाहीत.

मतदान निंबोल्याच्या शाळेत होतं. कापूस वेचणीचे दिवस. आबांनी गाडीत बाज टाकून वर गोधडी अंथरली, कारण मालकानं एकही मत राहू नये म्हणून निरोप धाडला होता. जिजीनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. बाईमाणूस एकटी कशी जाईल, म्हणून मला सोबत धाडलं. नाल्यात वाळूच वाळू होती. जिजीनं गाडीतूनच बाभळीकडं हात जोडले.

शाळेच्या ओसरीत टेबल, टेबलाशी तरुणसा साहेब, एका बाजूला बाकावर मालकाचा कारभारी, दुसऱ्या बाजूला वकिलाचा एक किडकिडीत माणूस. आमच्या गावचे पुरुष एकापाठोपाठ एक आत जात होते, मालकाचं नाव मोठ्यानं घेत होते, कारभारी मान डोलावत होता. ते ऐकलं आणि आमची चूक मला कळली. मी जिजीकडं पाहिलं. तिच्याही ध्यानात आलं होतं. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली.

तिचा पुकारा झाला. साहेबानं जेठांचं नाव घेतलं आणि पुढं 'ची बेवा' म्हणाला. सहा अक्षरं असतील नसतील, पण त्या ओसरीत ते नाव ऐकून मी डोक्यावरचा पदर सारखा केला. जिजी पुढं गेली. मी उंबऱ्याशी उभी राहिले.

"कुणाला मत?" साहेबानं विचारलं.

"वकीलसाहेबांना," जिजी म्हणाली.

 आबा नुकतेच मत देऊन बाहेर निंबाखाली जाऊन बसले होते, त्यांना हे ऐकू गेलं नाही. पण कारभाऱ्याला गेलं. तो बाकावरून उठला.

"वकील छप्पन आहेत," तो म्हणाला. "नाव घ्यावं लागतं, साहेब. कायदा आहे."

साहेब जिजीला म्हणाला, "बाई, नाव घ्या. मला खूण करायला नाव पाहिजे."

जिजी उभीच. तिनं पदर पुढं ओढला होता, पण मला बाजूनं तिचा चेहरा दिसत होता. ओठ उघडले, मिटले. साहेबाला काहीतरी कळलं असावं, कारण तो जरा हलक्या आवाजात म्हणाला, "बरं, मी दोन्ही नावं वाचतो, तुम्ही नुसती मान—" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कारभाऱ्यानं टेबलावर हात ठेवला. "साहेबानं नाव सुचवायचं नाही. मतदारानं आपण होऊन घ्यायचं. नाहीतर मालकांना वर अर्ज करावा लागेल." वकिलाचा माणूस उठून म्हणाला, "त्यांनी वकील म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलंय." कारभाऱ्यानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. साहेब नोकरीत नवा होता. त्यानं टाक खाली ठेवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उंबऱ्यावरून ओरडले, की आमच्या घरातलं नाव आहे ते, तिला घेता येत नाही. साहेबानं मला हात करून थांबवलं. दुसऱ्या कुणी बोलायचं नव्हतं. आणि रांगेतून आमच्याच गावचा एकजण, त्याला चावट बोलायची सवयच होती, मागून म्हणाला, "मग उखाण्यात घ्या की, जिजी. तुम्हाला तर छान येतं."

दोघंतिघं हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि हसू विरलं. विधवेला कुणी उखाणा घ्यायला सांगत नाही. जेठ गेल्यापासून जिजी कुठल्या मांडवात पुढं आली नव्हती, स्वयंपाकघरात मागं बसून पुऱ्या लाटायची. नाव घ्यायची तेवढी एक वाट तिला होती, तीही त्यांच्याबरोबर बंद झाली होती. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या माणसानं मान खाली घातली खरी, पण बोलून झालं होतं.

जिजीनं आणखी एकदा प्रयत्न केला. पहिलं अक्षर घशात आल्यासारखं मला वाटलं. मग तिनं तोंड मिटलं आणि मान हलवली, नाही म्हणून. साहेबानं चिठ्ठी तशीच दुमडली आणि पेटीत टाकली. "कोरी," तो शेजारच्या कारकुनाला म्हणाला.

परतताना गाडी नाल्यातल्या वाळूत रुतली. आबा आणि गडी उतरून चाकाला खांदा देत होते, आणि जिजी माझ्या कानाशी म्हणाली, "त्यांच्यासाठी एवढंही मला झालं नाही." मी तिचा हात धरून बसले. 

वकील पडला. चांगला सपाटून पडला. कारभाऱ्यानं ओट्यावर येऊन सांगितलं, की ह्या गावानं शब्द राखला, विरोधात एकही मत नाही. जिजी वकील म्हणाली होती हे ना त्यानं आबांना सांगितलं, ना रांगेतल्या कुणी; बाई साहेबापुढं घाबरली, एवढंच घरी पोचलं, आणि तेवढ्यावर चारसहा दिवस थट्टा झाली. आबा जेवताना म्हणाले, "एकही मत नाही गेलं विरोधात." जिजी चुलीसमोर होती. माझ्यापुरतं म्हणाली, "एक होतं ना वं, बाई. कोरं होतं."

नंतर मी तिच्याशी किती भांडले. तिला वाटायचं, तिनं नाव घेतलं असतं तर रपटा झाला असता. मी म्हणायची, अगं वेडे, तो शेकडो मतांनी पडलाय, तुझ्या एकट्या मतानं काय होणार होतं? ती म्हणायची, "होणार नव्हतं ते खरं. पण मागायला तर पाहिजे होतं ना."  गावातल्या शहाण्यासुरत्या पुरुषांनी भंडारा कपाळाला लावून रपट्यावर पाणी सोडलं, त्यांना रात्री झोप लागायची. जिला कुणी विचारलं नाही ती मात्र झुरत बसली. माझा संताप व्हायचा. तो मी नवऱ्यावर काढायची, आणि तो बिचारा गोठ्यात जाऊन बसायचा.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात जिजीला ताप भरला. आधी साधा वाटला. मग छातीत कळ, श्वास लागायला लागला. गावच्या वैदूनं हात टेकले. दुपारी आबांनी चार माणसं बोलावली, जिजीला बाजेवर घातली, वरून घोंगडी बांधली, आणि आम्ही निघालो. पाऊस थांबला होता, ऊनही पडलं होतं. नाल्यावर पोचलो, आणि बाज खाली ठेवावी लागली.

तीच बाभळ. तेच गढूळ पाणी, मधे लाकडं वाहत चाललेली. बाज वाहून आणणारे चौघंही भंडारा उचललेले होते, त्यात तो उखाणेवालाही होता. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. माझा नवरा कंबरेएवढ्या पाण्यात उतरून पाहून आला आणि धोतर पिळत उभा राहिला. आबा काठावरच्या दगडावर बसले. म्हातारा माणूस, एकदम आणखी म्हातारा दिसायला लागला.

जिजीनं डोळे उघडले. आभाळाकडं पाहिलं, मग पाण्याचा आवाज तिच्या कानात गेला असावा. मला म्हणाली, "इथंच का?"

मी म्हटलं, "उतरतंय पाणी. आत्ता जाऊ."

 मग तापात तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं मान वळवली आणि स्पष्ट म्हणाली, "साहेब, लिहून घ्या." सगळ्यांनी ऐकलं. उखाणेवाला माणूस बाजेपासून दोन पावलं मागं सरकला. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला. म्हटलं, घे जिजी, घे नाव, आता कोण ऐकतंय. तिचे ओठ उघडले. मी वाट बघत राहिले. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, बारीक हसली, आणि मान हलवली, नाही म्हणून. शेवटपर्यंत तिनं ते नाव घेतलं नाही.

पाणी उतरायच्या आधी ती गेली. बाज परत घरी आणली. आबा वाटेत एकदाच बोलले, तेही कुणाशी नाही. म्हणाले, "रपटा मी मागायला पाहिजे होता." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ते बाजेमागून काठी टेकत, चिखलात दर पावलाला थांबत चालले होते, आणि मला ओरडवलं नाही.

रपटा झाला. कसा झाला तेही ऐका. दोनेक वर्षांनी मालकानं मोटार घेतली, काळी, पितळी दिव्यांची. पहिल्याच हिवाळ्यात ती नाल्याच्या वाळूत रुतली आणि तिला ओढून काढायला बैलजोड्या लावाव्या लागल्या. उन्हाळा संपायच्या आत रपटा तयार. दगड, चुना, दोन्ही बाजूंना चढ, सगळं पक्कं. बाभळ मधे येत होती, ती तोडली. गावानं नारळ फोडला. महादेवाच्या ओट्यावर मालकाला हार घातला, आणि एकजण भाषणात म्हणाला, मालकानं दिलेला शब्द पाळला. मी तेव्हा घरात भांडी घासत होते. एक पितळी तांब्या मी इतका आपटला, की त्याला पोचा पडला. तो अजून घरात आहे.

मग प्रांताची मोठी निवडणूक आली. कायदा बदलला होता, आता सारा भरणाऱ्यांच्या बायकांनाही मत होतं. मालक पुन्हा उभा. तो वकील नव्हता, त्याच्या बाजूचा दुसरा कुणी होता. गावात चर्चाच झाली नाही. ज्यानं रपटा दिला त्याला सोडून कुणाला द्यायचं? मला वाटलं होतं, निदान आबा ह्या वेळी ओट्यावर जाणार नाहीत. पण ते गेले. काठी टेकत गेले आणि भंडारा उचलून आले. नातवंडं शाळेत जातात त्या रपट्यावरून, म्हणाले. खोटं नव्हतं ते. माझीच पोरं जायची.

बायकांना मत म्हणून ह्या वेळी भंडारा घरोघर आला. पुजारी ताटली घेऊन आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी आतून सांगितलं, मला कावळा शिवलाय. बाजूला बसलेल्या बाईनं देवाच्या भंडाऱ्याला हात कसा लावायचा? पुजारी मागं सरला. मी न्हाऊन उठले तोवर ताटली गावभर फिरून देवळात परत गेली होती. माझ्या नवऱ्याला सगळं कळत होतं. मताच्या दिवशी गाडी त्यानं स्वतः जुंपली.

रपट्यावरून गाडी निंबोल्याला चटकन पोचली. तीच शाळा, साहेब दुसरा, वयस्कर. आणि पद्धतही दुसरी. आता नाव घ्यायचं नव्हतं. किंतानाच्या आडोशामागं वेगवेगळ्या रंगांच्या पेट्या ठेवल्या होत्या, हव्या त्या रंगाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. कुणी बघायचं नाही, कुणी ऐकायचं नाही. मी ओसरीत उभी राहून हे समजून घेतलं. तोंडसुद्धा उघडावं लागलं नसतं जिजीला.

साहेब यादी वाचत होता, जुन्या यादीवरूनच उतरवलेली. त्यानं माझ्या जेठांचं नाव घेतलं आणि म्हणाला, "ची बेवा. हाजर आहे का?"

 त्यानं पुन्हा नाव घेतलं.

"वारली," मी म्हटलं.

त्यानं रेघ मारली आणि पुढचं नाव वाचलं. ते माझ्या नवऱ्याचं होतं, पुढं 'ची बायको'. मी चिठ्ठी घेतली आणि आडोशामागं गेले. वकिलाच्या बाजूचा रंग कुठला ते मला ठाऊक होतं. चिठ्ठी मी पेटीच्या फटीशी धरली, पण सोडवेना. पदर डोक्यावर घेतला, आणि जेठांचं नाव, जे मी लग्न झाल्यापासून एकदाही उच्चारलं नव्हतं, ते मोठ्यानं घेतलं. पूर्ण घेतलं. आवाज ओसरीत गेला असणार, कारण बाहेरचं बोलणं थांबलं.

किंतानापलीकडून साहेब म्हणाला, "बाई, बोलायची गरज नाही. नुसती चिठ्ठी टाका."